छप्पर उन्हासाठी निवडतो, नेतो मात्र वारा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला माझ्यापेक्षा जाणते लोक इथं बसले आहेत. मला सचिवांनी विषय दिला तो साधा आहे : आपली घरं पंचवीस वर्षांची झाली, स्लॅब तापतात, गळतात, आता वर टाकायचं काय? मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी अकोल्यात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. खरं कारण दुसरं आहे, ते जुन्या सभासदांना माहीत आहे. त्यावर मी येतोच.

आधी थोडं मागं जाऊ. माझा जन्म दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात, धाब्याच्या घरात झाला. आजच्या पोरांना धाबा म्हटलं की हायवेवरचं जेवण आठवतं. आमचा धाबा म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागाच्या तुळया, त्यावर लाकडी किलच्या, त्यावर तुराट्या आणि पळसाची पानं, आणि वर फूट-दीड फूट दाबून बसवलेली पांढरी माती. दुपारी बाहेर रस्त्यावरचं कुत्रं नालीत जाऊन बसायचं, आणि आत आजी गोधडी शिवत बसलेली असायची. त्या मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण तो धाबा फुकट मिळत नव्हता. दर आखाजीनंतर वर नवी माती चढवायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी साफ करायच्या. एक वर्ष आळस केला की आषाढात घरात परात, गंज, बादल्या मांडून बसावं लागे. वजनही दांडगं. तुळई कुजली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर सगळा धाबा माणसांवर बसायचा. म्हणून मी जुन्या घरांचे गोडवे फार गात नाही. एवढंच म्हणतो की त्या छपराला तीन गोष्टी ठाऊक होत्या : आठ महिन्यांचं ऊन, चार महिन्यांचा पाऊस आणि मे महिन्यातला अर्ध्या तासाचा वारा. धाबा वाऱ्यानं उडत नाही. त्याचं वजनच त्याचा खिळा.

याच जिल्ह्यात वर चिखलदऱ्याला जा, तिथं आपल्या जवळपास दुप्पट पाऊस. तिथं मातीचा सपाट धाबा टिकायचाच नाही. म्हणून मेळघाटात कोरकूंची घरं उतरत्या छपराची, कवेलूची. म्हणजे ‘सगळ्यात चांगलं छप्पर कोणतं’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुठं, कशावर आणि कशानं बांधलेलं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आमच्या घरी वडलांनी पुढे धाबा पाडून स्लॅब टाकला. गावात तो पहिल्या चार-पाच स्लॅबांपैकी एक, त्यामुळे मोठा मान. पण आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्याच पाण्यात काँक्रीट कालवलं, त्याच पाण्यानं एकवीस दिवस तराई केली. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात लिहिलं आहे की सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. आमच्या गावात मानक कोण वाचतो? पंधरा वर्षांत सळया गंजून फुगल्या, आणि खालचं प्लास्टर पोपड्यासारखं गळायला लागलं. मी तोवर इंजिनिअर झालो होतो. वडलांनी विचारलं, ‘‘तू तं शिकला ना रे, मंग हे काहून झालं?’’ त्यांना काय सांगणार.

आपली कॉलनी शहरात आहे, पण बांधकामाच्या वेळी टँकर कुठून आले हे आज कोणालाच आठवत नाही. म्हणून पहिलं काम : वर काही टाकायच्या आधी खालून स्लॅब तपासा. स्टुलावर चढा, लहान हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं. पोकळ, मडकं वाजावं तसा आला, किंवा सळईच्या रेषेत लांब चीर दिसली, तर तिथं आधी दुरुस्ती. अशा स्लॅबवर लोक गळती थांबवायला आणखी एक ब्रिकबॅट कोबा चढवतात. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. आपल्याकडे दोन-दोन थर चढवलेली घरं मी पाहिली आहेत. आजारी माणसाच्या डोक्यावर गाठोडं देण्याचा हा प्रकार आहे.

आता ऊन. अकोल्याचा पारा मे २०२० मध्ये ४७ च्या वर गेला होता, अमरावती काही फार मागं नसते. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खाली सोडायला लागतो. म्हणून आपल्याकडे रात्री अकरा वाजता पंखा लावला की गरम हवा अंगावर येते, आणि पहाटे चारला कुठं जीव थंड होतो. टिनाचं उलट. ते दहा मिनिटांत तापतं आणि दिवस बुडाल्यावर लगेच थंड होतं. टिनाच्या घरात दुपार मरणाची, स्लॅबच्या घरात रात्र.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज पांढरा रंग. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे तिथं गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणानं २०२३ मध्ये तर ‘कूल रूफ’चं धोरणच जाहीर केलं. हैदराबादपेक्षा आपला उन्हाळा काय कमी आहे? स्वच्छ पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच मोठा भाग परत वर फेकतो. चुना आणि फेविकॉल कालवून मारला तर एक पावसाळा जेमतेम टिकतो, पण खर्चही तेवढाच. चांगला छपराचा रंग दोन-तीन वर्षं जातो. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक सगळ्यात टिकाऊ. पाणीही अडवतं, ऊनही परतवतं, आणि कुरड्या-पापड वाळवायला बायकांना आवडतं. फक्त उतार नीट हवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये धूळ बसली की एकदा धुवून काढायला हवं. मळलेला पांढरा रंग हा करडा रंगच.

माझं मत विचाराल तर आपल्या कॉलनीतल्या निम्म्याहून जास्त घरांना यापलीकडे काही लागत नाही. गच्चीचे आउटलेट मोकळे ठेवा, उताराची डागडुजी करा, पांढरं करा. एप्रिल-मे पुरती हिरवी जाळी ताणा आणि पहिल्या ढगाला काढून ठेवा. आउटलेटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला होता. एवढा पाऊस हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पडला तर ते साडेअठरा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे साडेअठरा टन. ते निघायची वाट एक चार इंची पाइप, आणि तिच्या तोंडावर कडुनिंबाचा पाला.

पण मला माहीत आहे, तुमच्यापैकी बहुतेकांना हे ऐकायचं नाही. तुम्हाला टिनशेड टाकायचं आहे. गेल्या आठ-दहा वर्षांत अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही उंच इमारतीवरून खाली पाहा, निळ्या-लाल प्रोफाइल पत्र्यांचं दुसरं गावच गावावर वसलं आहे. कल्पना वाईट नाही. सात-आठ फूट उंचीवर सावली आली, चारही बाजू उघड्या ठेवल्या, तर स्लॅबला थेट ऊन लागत नाही, पावसाचा मारा लागत नाही. फरक पडतो, मी स्वतः अनुभवला आहे. पुढे लोक त्याच शेडला भिंती घालतात, खोली करतात, पोराला अभ्यासाला वर बसवतात, आणि मग म्हणतात वर फार गरम होतं. ती सावलीची भट्टी झाली.

आणि आता तो किस्सा, ज्यामुळे सचिवांनी मला उभं केलं.

सहा वर्षांपूर्वी मीही शेड टाकलं. ५०० चौरस फूट. पत्रे बाजारातले एक नंबर, रंगाची दहा वर्षांची गॅरंटी, ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. वेल्डिंगवाला ओळखीतला. आठ खांब उभे केले. रस्त्याच्या बाजूचे चार पॅराफिटच्या साडेचार इंची विटांच्या भिंतीवर, बाकीचे स्लॅबवर चार-चार लहान फास्टनर मारून. मी खुर्ची टाकून चहा पीत पाहत होतो. एकदा म्हटलंही, ‘‘वाऱ्याचं काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘काई होत नाई सायेब. हत्ती बांधा खांबाले.’’ एकतीस वर्षं ठेकेदारांच्या कामावर मोजपट्टी धरणारा माणूस मी, स्वतःच्या घरी एवढ्यावर समाधान मानलं. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. हिशेब करणं त्याचं काम नव्हतं, माझं होतं.

पुढच्याच मेमध्ये संध्याकाळी साडेसहाला वावधन सुटलं. आधी पिवळी धूळ, मग तो आवाज, मग दहा-पंधरा मिनिटं काही दिसेना. माझं शेड खांबांसकट उठलं, गल्ली ओलांडली आणि समोरच्या अंगणात जाऊन पडलं. त्या अंगणात रोज रात्री बाज टाकून, मच्छरदाणी लावून मुलं झोपायची. पुण्याहून नातू आलेला होता. धूळ उठली म्हणून वहिनींनी त्याला दहा मिनिटं आधी आत ओढलं होतं. मच्छरदाणीच्या काठ्या पत्र्याखाली चेपल्या गेल्या. तुमच्यापैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी ते पत्रे उचलू लागले होते. वहिनी आज समोरच बसल्या आहेत. त्या मला तेव्हा एकच वाक्य बोलल्या : ‘‘भाऊजी, टिन तं लय मजबूत घेतलं होतं तुमी. वाकलं बी नाई.’’

हे खरं होतं. एकही पत्रा फाटला नव्हता, एकही स्क्रू निघाला नव्हता. सामान उत्तम होतं. गच्चीला ते नीट बांधलंच नव्हतं.

त्यानंतर मी कागद घेऊन बसलो. जो हिशेब आधी करायचा तो नंतर केला. तुम्हीही ऐका, सोपा आहे. वारा ताशी १०० किलोमीटरनं आला तर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा जोर लागतो, म्हणजे चौरस फुटाला साडेचार किलोच्या आत-बाहेर. उघड्या शेडमध्ये वारा खालून उचलतो आणि वरून ओढतो, दोन्ही एकाच वेळी. ५०० फुटांना बावीस क्विंटल. आपण कापूस विकणारी माणसं, क्विंटल आपल्याला बरोबर समजतो. माझ्या शेडचं सगळं वजन, पाइप धरून, पाच क्विंटल. राहिलेले सतरा क्विंटल खाली ओढून धरायचं काम आठ खांबांच्या बुडाशी होतं, आणि त्यातले चार विटांत रोवलेले. कडेला आणि कोपऱ्यांना तर सरासरीच्या दीडपट-दुप्पट ओढ असते. वाऱ्यासाठीचं आयएस ८७५ हे मानक उघडलं तर नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलेला आहे, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. मी तर शंभरचाच हिशेब सांगितला.

यावरून टिनावर दगड ठेवण्याची आपली पद्धत किती कामाची ते बघा. दहा किलोचा धोंडा दोन-अडीच चौरस फूट पत्रा दाबून धरतो. आणि पत्रा उठला की तोच धोंडा खाली झोपलेल्याच्या अंगावर. दरवर्षी उन्हाळ्यात पेपरात एक तरी बातमी असते. घरी, शेतातल्या कोठ्यावर, कुठंही दगड असतील तर या आठवड्यात उतरवा आणि हूक मारा.

मग करायचं कसं? खांब येईल तो कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावरच, पॅराफिटवर कधीही नाही. आपल्या बहुतेक घरांवर ‘पुढं मजला चढवू’ म्हणून सोडलेल्या कॉलमच्या सळया पंचवीस वर्षं आकाशाकडे पाहत आहेत. त्यांना सरळ वेल्डिंग करून मोकळं होऊ नका. गंजलेला भाग घासून बघा, किती जाडी उरली ते पाहा. उरली असेल तर त्याभोवती फूटभर उंच काँक्रीटचा पेडेस्टल ओता, त्यात बोल्ट आणि प्लेट बसवा. नसेल तर केमिकल अँकर, तोही बीममध्ये खोल. खांबांना तिरप्या आडव्या द्या, नुसत्या उभ्या खांबांचं शेड म्हणजे लग्नाचा मांडव. पत्र्याखालच्या आडव्या पाइपांत तीन-चार फुटांच्या वर अंतर नको. कडेच्या ओळीत प्रत्येक पन्हळीवर स्क्रू, मधे एकाआड एक चालेल. पत्रा बाहेर फूटभरापेक्षा जास्त काढू नका. रस्त्याकडे तीन फूट बाहेर काढलेला पत्रा सावली देतो खरी, पण वाऱ्याला हात धरायला कडी देतो.

पत्र्याबद्दल दुकानात अर्धा तास घालवता, खांबाच्या बुडाबद्दल पाच मिनिटं. ते उलटं करा. तरी पत्र्याचं थोडं सांगतो. रंग पांढरा किंवा फिकट घ्या, निळा छान दिसतो पण तापतो. ०.५० सांगून ०.३५ देणारे आहेत. अर्धा मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सव्वाचार-साडेचार किलो भरतो. बारा फुटांचा, साडेतीन फूट रुंद पत्रा काट्यावर ठेवा, सोळा-सतरा किलोच्या खूप खाली गेला तर परत करा. मागच्या बाजूला न्हाणीवर, स्कूटरवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. त्याचे सगळेच प्रकार कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते घासू नका, कापू नका, छिद्रं पाडू नका. काढायचे झाले तर पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून, अख्खे उतरवा. गारपिटीत तेच आधी फुटतात, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ते दिसलंच. फुटले की धूळ घरात.

आणि झाडांचं. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारसला, संध्याकाळी वादळ आलं. मंदिराजवळच्या टिनशेडखाली भाविक आडोशाला थांबले होते. शेजारचं मोठं, जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं. सात जण गेले. त्या शेडनं काय करायला हवं होतं असं मी म्हणत नाही, एवढं झाड कोणतंच शेड पेलत नाही. पण आपण वादळात धावतो कुठं? पत्र्याखाली. आपल्या उद्यानातल्या शेडजवळ दोन कडुनिंब आहेत. ते तोडायचे नाहीत, पण त्यांच्या वाळक्या फांद्या आणि बुंध्यातली पोकळी कोणी पाहिली आहे का? आणि मुलांना सांगा, वारा उठला की घराच्या आत, शेडखाली नाही.

भाषण झाल्यावर काही प्रश्न आले, तेही इथं देतो.

एका सभासदांनी विचारलं की सूर्यघर योजनेत सोलर लावायचं आहे, मग शेड कशाला? अगदी बरोबर. पॅनल उंच स्टँडवर लावले तर सावलीही मिळते. पण स्टँडला वाऱ्याचा हाच हिशेब लागू आहे. कंपनीचा माणूस आला की त्याला आधी खांबाचं बूड विचारा, युनिट नंतर.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, ‘‘आमच्या घरावर आधीच शेड आहे, खांब पॅराफिटवर आहेत. मग आता पाडायचं का?’’ पाडायची गरज नाही. प्रत्येक खांबाच्या शेजारी बीमवर दुसरा आधार घेऊन तो बांधून घेता येतो. खर्च येतो, पण नव्या शेडपेक्षा फार कमी. मात्र हे आखाजीच्या आत व्हायला हवं, नंतर वेल्डिंगवाले मिळत नाहीत आणि वारा वाट पाहत नाही.

तिसरा प्रश्न जरा अवघड होता. कॉलनीच्या टोकाला आपल्या संस्थेची तीन मजली इमारत आहे, तिथल्या वरच्या मजल्याच्या चार कुटुंबांचं म्हणणं की गच्ची तापते, गळते, आणि खालचे म्हणतात ‘तुमचं तुम्ही बघा’. हे बरोबर नाही. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती संस्थेच्या खर्चानं दुरुस्त करायची असते. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. गच्ची सगळ्यांची आहे. होळीला वर जाताना आपण तसंच समजतो. त्या गच्चीचं चायना मोझॅक या वर्षीच्या ठरावात घ्यावं अशी माझी सूचना आहे, आणि तिथं शेड टाकू नये अशी विनंती. तिसऱ्या मजल्यावर वारा आणखी जोराचा असतो.

माझ्या गच्चीवर आज शेड आहे, नवं, लहान, २०० फुटांचं, सहा खांब बीमवर. बाकी गच्ची पांढरी. पन्नास किलोचा काटा आणि मोठी शिडी माझ्याकडे आहे. ज्यांना पत्रा तोलून बघायचा आहे किंवा खांबाचं बूड दाखवायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी आठच्या आत यावं किंवा बोलवावं, नंतर गच्चीवर उभं राहवत नाही. सुरुवात मी समोरच्या वहिनींच्या घरापासून करतो आहे, त्यांनाही शेड टाकायचं आहे आणि त्या म्हणाल्या, ‘‘या वेळी तुमी खुर्चीवर बसू नका.’’